ॲप स्टोअरची पट्टी: कोणाला तीस, कोणाला शून्य

फेब्रुवारी २०२३ मधली गोष्ट सोलापुरात कोणी विसरलेलं नाही. बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने आपल्या मार्केट यार्डात ५१२ किलो कांदा घातला. भाव निघाला किलोला एक रुपया. हमाली, तोलाई, मोटारभाडं वजा होऊन पट्टीवर उरले दोन रुपये एकोणपन्नास पैसे. चेक मिळाला दोन रुपयांचा, तोही पुढच्या तारखेचा. त्या चेकचा फोटो देशभर फिरला.

पण त्या पट्टीत एक गोष्ट होती. ती वाचता येत होती. कुठली रक्कम कशापायी गेली ते ओळीने लिहिलेलं होतं, त्यामुळे राग कोणावर काढायचा हेही कळत होतं. हमालाने लुटलं नव्हतं, भावानेच मारलं होतं.

मोबाइलवर ॲप विकणाऱ्यालाही अशीच पट्टी मिळते. फरक एवढाच की तिच्यावर वजावटीची ओळ एकच असते, आणि शेजारच्या गाळ्यावर तीच ओळ वेगळ्या आकड्याची असू शकते. ॲप स्टोअरच्या कमिशनवर जगभर जी भांडणं चालली आहेत ती वरवर पाहता 'तीस टक्के फार झाले' अशी दिसतात. माझ्या मते खरं दुखणं दरात कमी आणि दर कोणाला कसा लागतो यात जास्त आहे.

आपल्याकडे हा विषय घराघरात पोचला तो १ मार्च २०२४ ला. गूगलने त्या दिवशी काही भारतीय कंपन्यांची ॲप प्ले स्टोअरवरून काढून टाकली. त्यात लग्न जमवणारी होती, नोकरी शोधून देणारी होती, गोष्टी ऐकवणारीही होती. दहा कंपन्या शुल्क देत नाहीत, असं गूगलचं म्हणणं होतं. केंद्र सरकार मध्ये पडलं आणि थोड्याच दिवसांत ॲप परत आली. पण ऐन लग्नसराईच्या तोंडावर स्थळं दाखवणारं ॲपच गायब म्हटल्यावर 'हे काय प्रकरण आहे ओ?' असं ज्यांनी कधी विचारलं नसतं त्यांनीही विचारलं.

आधी दुकान कसं चालतं ते बघू

ॲपलने जुलै २००८ मध्ये आयफोनसाठी ॲप स्टोअर उघडलं आणि दर ठेवला शंभराला तीस. गूगलने पुढे तोच आकडा उचलला. ॲप बनवणाऱ्याला आपण डेव्हलपर म्हणू. त्याला दुकानात शिरण्यासाठी आधी नोंदणी करावी लागते. ॲपलकडे वर्षाला ९९ डॉलर, गूगलकडे एकदाच २५ डॉलर. ही झाली प्रवेश फी, आणि तिच्याबद्दल कोणाची फारशी तक्रार नाही.

कमिशन लागतं ते पुढे. ॲप फुकट उतरवून घेतलं, मग आत गेल्यावर 'पुढचे धडे उघडण्यासाठी इतके रुपये भरा' असं आलं, तर त्या खरेदीला इन-ॲप खरेदी म्हणतात. नियम असा की ती स्टोअरच्याच गल्ल्यातून व्हायला हवी. गल्ला त्यांचा, म्हणून कापून घ्यायला सोपं. उरलेलं तुमच्या खात्यावर येतं.

आज सरसकट तीस टक्के लागत नाहीत. ॲपलने जानेवारी २०२१ पासून लहान डेव्हलपरसाठी दर १५ टक्के केला आणि त्याच वर्षी जुलैपासून गूगलनेही. 'लहान' म्हणजे वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत, आजच्या भावाने आठ-नऊ कोटी रुपये. सोलापुरातला जवळजवळ कोणीही यात बसेल.

पण इथेच दोन दुकानांचे दोन हिशोब आहेत. गूगलचा हिशोब आपल्या प्राप्तिकराच्या टप्प्यांसारखा चालतो. कंपनी कितीही मोठी असो, दरवर्षीच्या पहिल्या दहा लाख डॉलरवर १५, त्यापुढच्यावर ३०. ॲपलचा हिशोब पायरीचा आहे. वर्षात मर्यादा ओलांडली की उरलेल्या वर्षाला ३०, आणि पुढच्या वर्षी पहिल्या रुपयापासूनच ३०. धंदा थोडा वाढला म्हणून हातातले पैसे कमी झाले असंही त्यात होऊ शकतं. डिसेंबरात विक्री मुद्दाम मंद ठेवायची पाळी यावी, हा नियम धंद्याला धरून आहे असं मला तरी वाटत नाही.

चादर सुटली, डिझाइन अडकलं

आता गंमत बघा. तुम्ही ॲप काढलं आणि त्यातून सोलापुरी चादर विकली. कमिशन शून्य. शेंगा चटणीचा डबा विकला, शून्य. रिक्षा बोलावली, जेवण मागवलं, रेल्वेचं तिकीट काढलं, सगळं शून्य. पैसे यूपीआयने घ्या, कार्डाने घ्या, दारात रोख घ्या, स्टोअर विचारणार नाही.

पण त्याच चादरीचं डिझाइन फाइल म्हणून ॲपमध्ये विकलं की कमिशन लागू. कारण नियम वस्तूच्या प्रकारावर बेतला आहे. जी वस्तू किंवा सेवा फोनच्या बाहेर वापरली जाते ती मोकळी, जी फोनच्या आतच वापरली जाते ती डिजिटल, आणि कमिशन फक्त डिजिटल मालावर.

ऐकायला हे सोपं वाटतं. पण समजा जुळे सोलापुरात एक गणिताचे मास्तर आहेत. ते आयफोनवरच्या ॲपमधून एका मुलाची एकट्याची थेट शिकवणी घेतात. ॲपलच्या नियमात दोन माणसांमधली थेट सेवा सुटलेली आहे, पैसे बाहेरून घेता येतात. उद्या त्याच तासाला शेजारची दोन मुलं येऊन बसली. मास्तर तेच, फळा तोच, वर्तुळाचा धडा तोच. पण आता ती 'एकाकडून अनेकांना' सेवा झाली, आणि पैसे ॲपलच्या गल्ल्यातून घ्यायला हवेत. हा फरक २०२० मध्ये नियमात लिहिला गेला. करोनाच्या काळात सगळे वर्ग ऑनलाइन गेले होते, आणि एरवी मोकळी असलेली सेवा घरी बसल्यामुळे अचानक डिजिटल ठरत होती, त्यावरून ओरड झाली होती.

शिकवणीत नेमकं काय बदललं म्हणून दर बदलला, याचं उत्तर मास्तरांना द्यायला गेलं तर 'नियमात तसं आहे' यापलीकडे काही सापडत नाही. मार्केट यार्डात कांद्याच्या गोणीला एक तोलाई आणि त्याच कांद्याच्या दोन गोण्या एकत्र आणल्या तर निराळीच, असं कोणी लावलं असतं तर दुपारपर्यंत लिलाव बंद पडले असते.

मास्तरांच्या वहीतला हिशोब

मास्तरांनी बॅचच्या व्हिडिओ धड्यांची किंमत हजार रुपये ठेवली असं धरू. जीएसटी बाजूला ठेवू, नाहीतर हिशोब कोणालाच कळणार नाही.

स्टोअरच्या गल्ल्यातून १५ टक्क्यांनी कापले तर हातात ८५० येतील. मास्तर मोठे झाले आणि ३० टक्क्यांत गेले तर ७००. तेच पैसे आपल्या वेबसाइटवर पेमेंट गेटवेने घेतले, म्हणजे ग्राहकाच्या बँकेतून तुमच्या बँकेत पैसे आणणाऱ्या मधल्या कंपनीकडून, तर साधारण दोन टक्के जातात आणि ९८० च्या आसपास उरतात. आणि पालकाने सरळ यूपीआय क्यूआर स्कॅन करून पाठवले तर हजारचे हजार. जानेवारी २०२० पासून यूपीआयवर दुकानदाराला शुल्क नाही.

म्हणजे नुसतं पैसे इकडून तिकडे करण्याचं काम दोन टक्क्यांत होतं. उरलेले तेरा किंवा अठ्ठावीस कशाचे? स्टोअरचं उत्तर असं की आम्ही ॲप तपासतो, लाखो फोनांपर्यंत पोचवतो, अपडेट पुरवतो, डेव्हलपरला लागणारी साधनं बनवतो. हे खोटं नाही. पण ही सगळी कामं चादर विकणाऱ्या ॲपसाठीही तशीच होतात, आणि त्याच्याकडून काही घेतलं जात नाही. पट्टीवर हमाली वेगळी, तोलाई वेगळी लिहिली असती तर हा प्रश्न पडलाच नसता.

फलकावर एक दर, आत दुसरा

जुलै २०२० मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीपुढे ॲपलचे प्रमुख टिम कुक यांनी नियम सगळ्या डेव्हलपरना सारखेच लागतात असं सांगितलं. त्याच चौकशीत बाहेर आलेल्या ईमेलमध्ये मात्र दिसलं की २०१६ मध्ये ॲमेझॉनच्या प्राइम व्हिडिओसाठी १५ टक्क्यांवर बोलणी झाली होती. तेव्हा फलकावरचा दर तीस होता, आणि लहानांना सवलत मिळायला अजून चार-पाच वर्षं होती. ॲपलने पुढे ही व्हिडिओ कंपन्यांसाठीची योजना असल्याचं सांगितलं, पण त्या योजनेत मास्तरांचे व्हिडिओ बसत नव्हते हे उघड आहे.

गूगलकडची गोष्ट याहून ठसठशीत. नोव्हेंबर २०२३ मध्ये एपिक गेम्स या कंपनीने गूगलवर केलेल्या खटल्यात साक्षीतून बाहेर आलं की स्पॉटिफायने स्वतःच्या गल्ल्यातून पैसे घेतले तर गूगलला शून्य टक्के, आणि गूगलच्या गल्ल्यातून घेतले तर चार. मोठ्या गिऱ्हाइकाला सूट देणं हा व्यापारच आहे, नवी पेठेत कोणीही देतो. पण नवी पेठेतला दुकानदार 'सगळ्यांना एकच भाव' अशी पाटी लावून तसं करत नाही.

आणि घरचं माणूस? भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ च्या आदेशात बोट ठेवलं ते इथेच. प्ले स्टोअरवर इतरांना गूगलचाच गल्ला सक्तीचा, पण गूगलच्याच यूट्यूबला ती सक्ती नव्हती. आयोगाने याला भेदभाव म्हटलं. उलट ॲपलच्या दुकानात यूट्यूब पाहुणा, तिथे त्यालाही कमिशन चुकत नाही. म्हणून २०२३ मध्ये अमेरिकेत यूट्यूब प्रीमियम वेबवर महिना १३.९९ डॉलर आणि आयफोनच्या ॲपमधून घेतलं तर १८.९९ डॉलर होतं. तोच व्हिडिओ, तेच गाणं. दर लावणाऱ्यालाच दुसऱ्याच्या दारात दर लागतो तेव्हा तो बोजा कोणावर टाकतो, ते या पाच डॉलरांत दिसतं.

गड्ड्यातली अट

आता सगळ्यात वादाचा नियम. समजा जानेवारीत गड्डा यात्रेत होम मैदानावर तुम्ही टॉवेलचा स्टॉल लावला आहे. जागामालक म्हणतो, विक्रीतले तीस टक्के माझे. ठीक. मग म्हणतो, 'माझं दुकान मंगळवार पेठेत आहे, तिथे हाच टॉवेल स्वस्त मिळेल' असा फलक लावायचा नाही. गिऱ्हाइकाने विचारलं तरी सांगायचं नाही.

ॲपच्या जगातली ही अट म्हणजे ग्राहकाला बाहेरचा रस्ता दाखवण्यावरची बंदी. ॲपमध्ये 'आमच्या वेबसाइटवर स्वस्त आहे' असं लिहिता येत नाही, लिंक देता येत नाही. जगभरच्या बहुतेक न्यायालयांनी तीस टक्क्यांच्या आकड्याला हात लावायला कां-कूं केली, पण या अटीवर मात्र ती बरसली. युरोपीय आयोगाने मार्च २०२४ मध्ये संगीताच्या ॲपवरील याच बंदीसाठी ॲपलला १.८ अब्ज युरोंचा दंड केला आणि एप्रिल २०२५ मध्ये नव्या कायद्याखाली आणखी ५० कोटी युरोंचा.

अमेरिकेत न्यायाधीश इव्हॉन गोन्झालेझ रॉजर्स यांनी सप्टेंबर २०२१ मध्येच ही बंदी उठवायला सांगितली होती. अपिलं संपून जानेवारी २०२४ मध्ये ॲपलने फलक लावू दिला खरा, पण त्या फलकावरून बाहेर जाऊन झालेल्या विक्रीवर २७ टक्के मागितले! म्हणजे गड्ड्यातल्या जागामालकाने म्हणायचं, लावा फलक, पण मंगळवार पेठेतल्या तुमच्या दुकानात जी विक्री होईल त्यातले सत्तावीस आणून द्या. तिथल्या गेटवेचे तीन टक्के धरले की बेरीज परत तिथेच. ३० एप्रिल २०२५ ला त्याच न्यायाधीशांनी याला न्यायालयाचा अवमान ठरवलं आणि अशा विक्रीवर काहीही घ्यायचं नाही असं बजावलं. वरच्या न्यायालयाने पुढे अवमान कायम ठेवला, पण अगदी शून्य नको, काही रास्त शुल्क घेता यावं असंही म्हटलं. रास्त म्हणजे किती, हा वाद शिल्लक आहेच.

'दुकान त्यांचं, नियम त्यांचे. नको तर जाऊ नका.'

हा आक्षेप मी चहाच्या टपरीवरही ऐकला आहे आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. गाळा बांधणाऱ्याने भाडं घ्यायचं नाही तर काय करायचं? दुसऱ्या गल्लीत दहा गाळे रिकामे असतील तर त्याने मागेल ते भाडं मागावं, आपण दुसरीकडे जाऊ.

अडचण ही की आयफोनवर भारतात दुसरी गल्लीच नाही. अँड्रॉइडवर आहे, पण तिथे जायचं म्हणजे आधी फोन तुम्हाला दोन-तीनदा धोक्याची सूचना देणार. फोनपेने फेब्रुवारी २०२४ मध्ये इंडस ॲपस्टोअर काढलं. त्यात मराठीसह भारतीय भाषा आहेत आणि पैसे कुठल्या गेटवेने घ्यायचे ते डेव्हलपर ठरवतो. पण तुमच्या ओळखीच्या किती जणांच्या फोनमध्ये ते आहे, ते एकदा विचारून बघा. एकाच रस्त्याच्या गावात नाका लावणाऱ्याने 'दुसऱ्या रस्त्याने जा' म्हणणं हे उत्तर होत नाही. रस्ता एकच असेल तर निदान टोलचा तक्ता सगळ्यांना एक हवा, आणि नाक्यावर लावलेला हवा.

'पण बहुतेकांना काही द्यावंच लागत नाही की!'

गूगलने हे आकडेवारीनिशी सांगितलं आहे. भारतातल्या दोन लाखांहून अधिक डेव्हलपरपैकी फक्त तीन टक्क्यांना शुल्क लागतं, आणि १५ टक्क्यांच्या वर देणारे साठसुद्धा नाहीत. आकडे खरे धरले तरी माझं समाधान होत नाही. उरलेले ९७ टक्के फुकट बसतात त्यांचा खर्च या तिघांच्या पट्टीतून निघतो असा त्याचा अर्थ. तसं करायला हरकत नाही, एसटीही तोट्याची गाडी नफ्याच्या मार्गाच्या जोरावर चालवते. पण कोण भरतो आणि का, ते सांगून करावं. चादरवाला का सुटला आणि मास्तर का अडकला, याचं कारण खर्चात नाही. ज्याच्याकडून कापणं सोपं त्याच्याकडून कापलं, एवढंच ते आहे.

कमिशन उतरलं तर आपल्याला स्वस्त मिळेल?

फार आशा ठेवू नका. राज्यात २०१६ मध्ये फळं-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचं ठरलं. तेव्हा लोकांनी हाच प्रश्न विचारला होता, की खरेदीदार ती रक्कम बोलीतच कमी करणार नाही का? कापलेला पैसा शेवटी कोणाच्या खिशातून जातो हे पावतीवरच्या नावावरून कळत नाही. ॲप कंपन्याही वाचलेलं कमिशन आधी स्वतःच्या खिशात घालतील.

आत्ताच्या आत्ता उपयोगी पडेल असं मात्र एक आहे. आयफोनवर कुठलंही सबस्क्रिप्शन घेण्याआधी त्या कंपनीची वेबसाइट ब्राउझरमध्ये उघडून किंमत बघा. फरक नसला तर दोन मिनिटं गेली, असला तर दर महिन्याला वाचतात.

भारतात गाडं कुठवर आलं

स्पर्धा आयोगाने २५ ऑक्टोबर २०२२ ला प्ले स्टोअरच्या गल्ल्याच्या सक्तीबद्दल गूगलला ९३६.४४ कोटी रुपयांचा दंड केला. मार्च २०२५ मध्ये अपील न्यायाधिकरणाने ठपका बराचसा कायम ठेवून दंड २१६.६९ कोटींवर आणला, आणि प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं.

दरम्यान गूगलने भारतात एक वाट काढून दिली. ग्राहकापुढे गूगलच्या गल्ल्याबरोबर तुमचाही गल्ला ठेवा, आणि त्याने तुमचा निवडला तर कमिशनमध्ये चार टक्के सूट. मास्तरांच्या वहीत मांडून बघू. १५ चे ११ झाले, म्हणजे हजाराला ४० रुपये वाचले. त्यातले वीस गेटवेला गेले. उरलेल्या वीस रुपयांसाठी गेटवेशी वेगळा करार, दोन ठिकाणचा हिशोब, आणि पैसे परत मागणाऱ्या पालकाला 'तुम्ही कुठल्या गल्ल्यातून भरले होते?' हा प्रश्न.

म्हणून आपले समजा-मास्तर अँड्रॉइडवर तिसराच, नियमात बसणारा मार्ग धरतात. ॲपमध्ये विकायचं काहीच नाही, फक्त लॉगिन. फी वर्गात, भिंतीवरच्या क्यूआरवर. पैसे आले की मास्तर मुलाचा नंबर चालू करतात आणि पावतीपुस्तकातून पावती फाडतात. मंगळवेढ्याच्या मुलाला क्यूआरचा फोटो व्हॉट्सॲपवर जातो. नुसतं ॲप उतरवून घेतलेल्या नव्या माणसाला मात्र समोर मोबाइल नंबर आणि पासवर्ड मागणारे दोन चौकोन दिसतात. फी किती आणि कुठे भरायची, ते खाली कुठेच लिहिलेलं नसतं.